हाक ऐकू येत नाही, की हाक कळत नाही?

भामरागड तालुक्यातील एखाद्या गावी आरोग्य तपासणीचे पथक पोहोचते. अंगणवाडीच्या भिंतीला टेकून बसलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला पहिला प्रश्न विचारला जातो तो नावाचा, आणि तोही बहुधा मराठीत. मूल गप्प राहते. मग चित्रांचा तक्ता पुढे येतो. ‘आगगाडी कुठे आहे, दाखव बरे,’ असे म्हटले जाते. मूल तक्त्याकडे न पाहता पथकातील माणसांच्या चपलांकडे पाहत राहते. वहीत शेरा पडतो, ‘प्रतिसाद नाही’. पथकाला पुढच्या गावी जायचे असते, आणि रस्ता कसा आहे हे त्यालाच ठाऊक असते.

हा एकच शेरा दोन अगदी वेगळ्या मुलांविषयी असू शकतो. एका मुलाला खरोखरच ऐकू येत नाही. दुसऱ्याला उत्तम ऐकू येते, पण त्याच्या घरी, रानात, नदीवर जी भाषा बोलली जाते ती माडिया. गोंडी कुळातील ही भाषा द्रविडी भाषांपैकी आहे, मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. आणि आगगाडी त्याने पाहावी तरी कुठे? गडचिरोली जिल्ह्यात वर्षानुवर्षे देसाईगंज म्हणजे वडसा हे एकच रेल्वे स्थानक होते, आणि ते जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला. या दुसऱ्या मुलाला मोहाचे झाड, तेंदूचे पान किंवा धनुष्य दाखवायला सांगितले असते, तर त्याने शहरी पाहुण्यालाच चार गोष्टी शिकवल्या असत्या. त्या एका शेऱ्यामुळे मात्र दोघांचेही नुकसान होते. धडधाकट मुलावर मंदपणाचा शिक्का बसतो. ज्याला खरी मदत हवी ते मूल ‘मराठी येत नाही, शाळेत गेले की बोलेल’ या समजुतीखाली झाकले जाते. हे दुसरे नुकसान अधिक मोठे आहे, कारण ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

विशेष गरजा असलेल्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण हा विषय शहरात निघाला, की चर्चा होते ती थेरपी केंद्रांची, शॅडो टीचरची, नामांकित शाळेने प्रवेश नाकारल्याची. हेमलकशाच्या परिसरात हाच विषय भाषा, अंतर आणि वेळ या तीन गोष्टींपाशी येऊन थांबतो, आणि त्यांतली पहिली गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते.

भाषेचे महत्त्व या भागाला नवे नाही. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा हा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे येथे राहायला आले, तेव्हा औषधे होती, डॉक्टर होते, पण रुग्ण येत नव्हते. कपडे घातलेला परका माणूस दिसला की लोक रानात निघून जात. आमटे दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी माडिया शिकून घेतली, मग उपचार मार्गी लागले. सुरुवातीच्या दिवसांतील ज्या रुग्णाची आठवण प्रकल्पाच्या कहाणीत सांगितली जाते, तो अपस्माराच्या झटक्यात जाळात पडून भाजलेला होता. तो बरा झाला आणि विश्वासाची वाट मोकळी झाली. या आठवणीकडे सहसा डॉक्टरांच्या यशाची गोष्ट म्हणून पाहिले जाते. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. थंडीत शेकोटीभोवती झोपणाऱ्या समाजात अपस्मार म्हणजे केवळ मेंदूचा विकार उरत नाही, तो भाजण्याचा, आखडलेल्या बोटांचा आणि कायमच्या अपंगत्वाचा धोका होतो. फीट येणाऱ्या चार वर्षांच्या मुलाची पहिली ‘विशेष गरज’ म्हणजे रोज न चुकता दिलेली गोळी आणि जाळापासून दूर घातलेले अंथरूण.

१९७६ मध्ये प्रकल्पाची निवासी शाळा सुरू झाली. आरंभी मुले टिकत नव्हती, पळून घरी जात. आज तिथे सहाशेहून अधिक मुले शिकतात, आणि जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही डॉक्टर, वकील, शिक्षक झाले. पर्यटक हेमलकशाला येतात ते बहुतेक वेळा प्राण्यांच्या अनाथालयातील बिबटे आणि अस्वले पाहायला. शाळेच्या वर्गांत डोकावणारे थोडे. पण आश्रमशाळा म्हणजे पहिलीपासूनची शाळा. सहाव्या वर्षी मूल तिथे येते. त्याआधीची वर्षे ते गावात असते, आणि प्रस्तुत विषय त्याच वर्षांचा आहे.

या वर्षांत नेमके काय घडते, हे थोडे समजून घ्यायला हवे. मेंदूची वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांत फार वेगाने होते आणि तिला ठरावीक हंगाम असतात. ऐकण्याच्या मार्गांना पहिल्या दोन-तीन वर्षांत आवाजाचा पुरवठा झाला नाही, तर पुढे श्रवणयंत्र बसवूनही बोलण्याची भाषा कष्टाने येते, कधी येतच नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे स्नायू लहानपणापासून योग्य स्थितीत ठेवले नाहीत, तर सांधे आखडतात. जे काम दोन वर्षांच्या वयात बसण्याच्या साध्या सवयीने झाले असते, त्यासाठी दहाव्या वर्षी शस्त्रक्रिया लागते. शेतकऱ्याला पेरणीची वाफ चुकण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. इथेही गणित तेच आहे.

आणि या भागातील अपंगत्वाची कारणे पाहिली, तर बरीचशी टाळता येण्याजोगी किंवा सौम्य करता येण्याजोगी दिसतात. जन्मताच बाळ रडले नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला; नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ वेळेवर ओळखली गेली नाही; कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्ग झाला. या तिन्हींतून वाचलेले मूल पुढे हालचालींत, ऐकण्यात किंवा आकलनात मागे पडू शकते. गडचिरोली हा महाराष्ट्रातील मलेरियाचा सर्वाधिक भार सोसणारा जिल्हा. फाल्सिपेरम मलेरिया मेंदूपर्यंत पोहोचला आणि मूल त्यातून वाचले, तरी काहींच्या मागे फिट्स, एका बाजूची कमजोरी, बोलण्यातील अडथळा राहून जातो. कान वाहणे ही तर इतकी नेहमीची गोष्ट, की तिला कोणी आजार म्हणत नाही. पण वर्षानुवर्षे वाहणारा कान ऐकण्याची शक्ती हळूहळू खात असतो. सिकलसेलचे मूल वारंवार दुखण्याने झोपून राहते आणि ‘आळशी’ ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेलचाही समावेश आहे, हे शहरातील वाचकांनाही अनेकदा ठाऊक नसते.

बालमृत्यूच्या प्रश्नावर याच जिल्ह्याने देशाला वाट दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली गेली. ही गावे भामरागडच्या रानातील नव्हती, पण धडा साऱ्या जिल्ह्याचा होता. थोडेफार शिकलेली, गावची भाषा बोलणारी बाई योग्य प्रशिक्षण मिळाले तर इस्पितळाचे काही काम घरात करू शकते. या यशानंतरचा प्रश्न मात्र मागेच राहिला. जी बाळे वाचली, त्यांतील काहींना पुढची पाच वर्षे वेगळी मदत लागणार होती. ती कोणी द्यायची? आशा कार्यकर्ती जन्मानंतरचे बेचाळीस दिवस घरी जाते. २०१८ पासून तिच्या भेटी पंधराव्या महिन्यापर्यंत वाढवल्या गेल्या. त्यानंतर मूल अंगणवाडीच्या हवाली होते.

अंगणवाडीचा जन्म ज्या विचारातून झाला, तो आज आठवण्याजोगा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतील अंगणात गेली. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्या गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांपर्यंत पोहोचल्या, तेव्हा शाळा कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. मूल जिथे आहे तिथे शिक्षणाने जावे, हा तो विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. विचाराचे काय झाले, याचे उत्तर गावागणिक वेगळे मिळेल.

कागदावर अंगणवाडी सर्व मुलांची होती. प्रत्यक्षात अपंग मूल तिच्या बाहेर राहिले. स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या संस्थापिका डॉ. मिथू अलूर यांनी आपल्या संशोधनात या योजनेचाच अभ्यास केला आणि असे दाखवून दिले, की अपंग मुलाला दारात अडवणारा नियम कुठेही नव्हता, पण त्याला आत घ्यावे असे सांगणारी, शिकवणारी, तपासणारी यंत्रणाही नव्हती. ‘अदृश्य मुले’ हा त्यांचा शब्द त्या स्थितीला चपखल बसतो. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील बालवाड्यांत सर्व प्रकारच्या मुलांना एकत्र बसवण्याचे प्रयोग त्यांच्या संस्थेने केले. शहरातील गल्लीत जे शक्य झाले, ते रानातील टोल्यावर आपोआप होईल असे नाही. पण ते अशक्य आहे, हे म्हणण्याची सोय त्या प्रयोगांनी काढून घेतली.

कायद्याची स्थितीही अशीच अर्धवट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३१ सहा ते अठरा वर्षे वयाच्या दिव्यांग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता. त्याआधीच्या वयासाठी कलम २५ आहे, ज्यात सर्व मुलांची वर्षातून निदान एकदा तपासणी करून धोक्यातील मुले ओळखावीत, असे शासनाला सांगितले आहे. म्हणजे लहान मुलाला शोधण्याचे बंधन आहे, शिकवण्याचा हक्क मात्र सहाव्या वर्षी सुरू होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे शिक्षण पायाभूत टप्प्यात घेतले, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

शोधण्याचे काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे आहे. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला. फिरत्या पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करायची, जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब हेरायचे, आणि पुढच्या उपचारासाठी मुलाला जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवायचे, अशी ही रचना. रचना चांगली आहे. पण भामरागडपासून गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावरचे हे गाव वर्षानुवर्षे पावसाळ्यात पुलावरून पाणी गेले की जगापासून तुटत आले. फिजिओथेरपी आठवड्याला एकदा हवी. त्यासाठी आईने दर आठवड्याला मुलाला पाठीशी बांधून एवढा प्रवास करायचा, तर मजुरी बुडणार, घरातील दुसरी मुले उघडी पडणार आणि मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचायचा मोह दुसऱ्याच्या टोपलीत जाणार. ‘पालक सहकार्य करीत नाहीत’ हे वाक्य अहवालात लिहायला सोपे आहे. मोहाच्या चार आठवड्यांवर वर्षाचा बराच हिशेब अवलंबून असतो, हे अहवालात येत नाही.

दूर अंतरावरचा जुना पर्याय होता विशेष निवासी शाळांचा. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा उभ्या केल्या, तेव्हा विदर्भातील अशा मुलांना भीक किंवा घरातील कोपरा यापलीकडे जागा नव्हती. त्या शाळांनी शेकडो मुलांना अक्षर, कला आणि रोजगार दिला. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दहा-बारा वर्षांचे कर्णबधिर मूल अशा शाळेत आपल्यासारख्या मुलांमध्ये खुलते, त्याला खुणांची समृद्ध भाषा मिळते, हेही खरे. पण तीन वर्षांच्या मुलाला दोनशे किलोमीटर दूर ठेवणे हा उपाय नव्हे. त्या वयात भाषा मिळते ती आईकडून, आजीकडून, अंगणातील भावंडांकडून. म्हणून या वयाच्या मुलासाठी समावेशन हा काही उदात्त आग्रह म्हणून पुढे येत नाही. दुसरी जागाच नाही, म्हणून तो येतो.

मग अंगणवाडीत नेमके काय करायचे? येथे बहुतेक लोकांची समजूत अशी, की अशा मुलासाठी महागडी साधने आणि पदवीधर तज्ज्ञ हवेत. तज्ज्ञ हवेतच, पण निदान करण्यासाठी आणि सेविकेला शिकवण्यासाठी. रोजचे काम साधे असते, फक्त ते कोणी दाखवलेले असावे लागते. सेरेब्रल पाल्सीचे मूल घ्या. आदिवासी भागातील अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी मिळतात. आडव्या पडलेल्या मुलाच्या तोंडात तो घास गेला, तर ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाते, न्यूमोनिया होतो. अशी मुले अनेकदा भुकेने नव्हे, तर चुकीच्या पद्धतीने भरवल्याने खंगतात. त्याला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून, पाय पुढे घेऊन, मान किंचित पुढे झुकवून बसवले, अन्न मऊ करून लहान घासांनी दिले, तर तेच अंडे अंगी लागते. कोपऱ्याची खुर्ची बांबूची होऊ शकते; बांबू आणि तो वाकवणारे हात या भागात कमी नाहीत. चालायला शिकण्यासाठी दोन समांतर बांबू अंगणात रोवता येतात. बाकीची मुले त्यावर लोंबकळतील, आणि लोंबकळू द्यावीत. ज्या साधनावर सगळे खेळतात, त्याची लाज कोणाला वाटत नाही.

कमी ऐकणाऱ्या मुलाला सेविकेच्या जवळ, उजेडाकडे तोंड करून बोलणाऱ्याचे ओठ दिसतील असे बसवणे, त्याच्याशी बोलण्याआधी खांद्याला स्पर्श करणे, गाण्यांना हातवारे जोडणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते. गाणे आणि नाच हा तर माडिया जीवनाचा श्वास. ज्या समाजात हात धरून गोल नाचण्याची रीत आहे, तिथे न ऐकणाऱ्या मुलाला ताल पकडायला शेजारच्याचा हात पुरतो. शहरातील बालवाडीत यासाठी ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ योजावी लागते.

ओळखण्याच्या पद्धतीकडे परत यायला हवे, कारण गोंधळाची सुरुवात तिथे होते. अलीकडच्या काळात जगभर एक बदल घडला आहे. मुलाला अनोळखी माणसाने परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारण्याऐवजी, आईला मोकळे प्रश्न विचारायचे. तुमचे मूल काय हवे ते कसे सांगते? तुम्ही बोललेले त्याला किती समजते, कशावरून वाटते? ते कोणाशी आणि काय खेळते? तुर्कस्तानातील डॉ. इल्गी एर्तेम यांनी विकसित केलेल्या अशा पद्धतीचा अभ्यास तुर्कस्तान, भारत, अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांत झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निरोगी मुलांच्या विकासाचे बहुतेक टप्पे चारही देशांत सारख्याच वयात दिसून आले. भारतातील काम मुंबईच्या ‘उम्मीद’ या बालविकास केंद्राने केले. हेमलकशाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की या पद्धतीला तक्ता लागत नाही, आगगाडीही लागत नाही. लागते ती आईची भाषा. संवाद माडियात झाला, तर ‘प्रतिसाद नाही’ हा शेरा बहुतेक वेळा लिहावाच लागणार नाही. उरतील ती मुले खरोखर कानाच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरकडे नेण्याची. मग त्यांच्यासाठी गाडीची सोय करणे परवडते, कारण ती थोडी असतात.

घरी जाऊन शिकवण्याचीही एक जुनी रीत उपलब्ध आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाच्या गावी १९६९ मध्ये एक योजना सुरू झाली. विखुरलेल्या वस्त्या, थंडी, अंतरे; लहान अपंग मुलांना एका केंद्रात गोळा करणे शक्य नव्हते. म्हणून शिक्षिकाच आठवड्यातून एकदा घरी जाई, आईबरोबर एकच छोटे उद्दिष्ट ठरवी, ते कसे साधायचे हे करून दाखवी आणि पुढच्या आठवड्यात पाहायला येई. चमचा धरणे, हाक मारल्यावर वळणे, दोन पावले टाकणे, असे एकेक. ही पद्धत नंतर अनेक देशांत पसरली. थंडीच्या जागी पाऊस घातला, तर पोर्टेजचा नकाशा भामरागडला बराच जुळतो. आरोग्यदूताची कल्पना ज्या जिल्ह्यात रुजली, तिथे ही कल्पना परकी वाटू नये.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती सहसा कोणत्याच रकान्यात बसत नाही. आई-वडील रानात किंवा शेतात गेल्यावर चालू न शकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला कोण सांभाळते? बहुतेक घरांत आठ-नऊ वर्षांची बहीण. ते मूल अंगणवाडीत नाही, म्हणून ती शाळेत नाही. पटावर तिचे नाव ‘सतत गैरहजर’ म्हणून असते, कारण म्हणून ‘पालकांची अनास्था’ असते. एका मुलाला दिवसाचे चार तास अंगणवाडीत जागा मिळाली, तर दोन मुलांचे शिक्षण सुरू होते. समावेशनाचा खर्च मोजताना हे दुसरे मूल कोणी मोजत नाही.

भाषेच्या बाजूने काही पावले याच जिल्ह्यात पडली आहेत. लोक बिरादरीने २०१५ मध्ये छत्तीसगडच्या सीमेलगतच्या नेलगुंडा गावी साधना विद्यालय सुरू केले. मुलांना लहान वयात घरापासून तोडण्याऐवजी शाळाच गावात न्यावी, हा त्यामागचा विचार. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः गोंडी भाषेतील शाळा उभी केली. या शाळा विशेष मुलांसाठी म्हणून सुरू झालेल्या नाहीत. पण घरची भाषा शाळेत आली, की न बोलणारे मूल आणि न समजणारे मूल यांतील फरक शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात दिसू लागतो.

शासनाच्या बाजूनेही दार थोडे उघडले आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. त्यात सेविकेने अपंगत्वाची लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला व कुटुंबाला गावाच्या कार्यक्रमांत सामावून घेणे आणि आशा व आरोग्य पथकामार्फत पुढील मदतीशी जोडून देणे, असे तीन टप्पे आहेत. प्रथमच ‘हे तुझे काम आहे’ असे सेविकेला लेखी सांगितले गेले, ही लहान गोष्ट नाही. त्याच महिन्यात विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी जनमन अभियान सुरू झाले, त्यात नव्या अंगणवाड्यांची तरतूद आहे. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समाज या गटांत मोडतात. म्हणजे इमारत येऊ शकते, कार्यपद्धती आहे. मधला दुवा म्हणजे प्रशिक्षण, आणि ते कोणत्या भाषेत, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली होते यावर सारे अवलंबून आहे. सेविकेच्या अंगावर पोषणाच्या नोंदी, मोबाइलमधील अ‍ॅप, वजन-उंची, लसीकरणाची हाकाटी, निवडणुकीची कामे आधीच आहेत. दोन दिवसांच्या शिबिरात आणखी एक पुस्तिका हाती देऊन तिने सेरेब्रल पाल्सीचे मूल हाताळावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. महिन्यातून एकदा कोणी तज्ज्ञ तिच्याबरोबर त्या मुलाच्या घरी जाऊन बसला, तर मात्र सहा महिन्यांत ती दुसऱ्या गावच्या सेविकेला शिकवू शकेल. हे मनुष्यबळ जिल्हा केंद्रातून यावे, की हेमलकशासारख्या ठिकाणच्या इस्पितळाला हाताशी धरून उभे राहावे, हा प्रशासनाने सोडवण्याचा प्रश्न आहे. प्रमाणपत्र मिळेपर्यंत थांबण्याची गरज मात्र नाही. अपंगत्वाची टक्केवारी ठरवणारे मंडळ भेटायला वर्ष लागले, तरी कोपऱ्यात बसवून भरवायला आजपासून सुरुवात करता येते.

जून उजाडतो आणि आश्रमशाळांत पहिलीची नवी मुले दाखल होतात. त्या दिवशी शिक्षकाच्या हाती नाव, गाव आणि जन्मतारीख असते. अंगणवाडीत तीन वर्षे काढलेल्या मुलाबरोबर वहीचे आणखी एक पान येऊ शकते, सेविकेच्या अक्षरातले. डाव्या कानाने ऐकू येते, उजवीकडून हाक मारू नये. फिटीची गोळी रात्री जेवणानंतर, शेकोटीपासून दूर झोपवावे. पाणी हवे असले की मनगट चाटते. माडियातले तीस-चाळीस शब्द समजतात, मराठीतले अजून नाहीत.